वाढलेलं वजन

अप्पा,

आज आमच्या नांदेडच्या दवाखान्यात देगलूरहून एक आजोबा आले होते. हृदय थकलेलं, पायांना सूज. डॉक्टरांनी छातीवर जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, तशा पडद्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या. फुप्फुसात पाणी. ना सुई, ना टोचणं, दोन मिनिटांत कळलं. नर्स म्हणून माझी चाळीस वर्षं झाली, तरी त्या रेघा दिसल्या की मला तुम्हीच आठवता. वेळेवर कळलं असतं तर तुम्ही वाचला असता का, एवढंच डोक्यात घोळत राहतं.

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. मुरुडात पावसाचा पत्ता नव्हता, टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. लातूरच्या डॉक्टरांनी तुमचं हृदय तपासून सांगितलं, मीठ कमी करा, पाणी मोजून प्या, दर आठवड्याला वजन बघा. तुम्ही हसून म्हणालात, "डॉक्टरसाहेब, औंदा अख्खं मुरुड मोजूनच पिऊन राहिलंय."

मग दर सोमवारी पूजा आटोपली की तुम्ही आपल्या धान्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहता. वजन मी बघते. पहिल्या सोमवारी लातूरला भरलं होतं त्यापेक्षा किलोभर वाढलं, दुसऱ्या सोमवारी आणखी दोन. तुम्ही शेजारच्या काकांना हाक मारता, "या, बघा! दुष्काळात माणसं वाळून चालली अन् मी लई भरून राहिलो!" आई लगबगीनं मीठ-मिरच्या आणून तुमची दृष्ट काढते. अर्धी भाकरी खाणाऱ्या माणसाचं वजन वाढतं कसं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आडवं झालं की दम लागतो म्हणून तुम्ही तुरीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपता. उकाड्यानं होतंय, असं आम्हीच ठरवून टाकतो.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी तुम्ही गेलात. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि तुम्ही छातीतल्या पाण्यानं गेलात. मला याचा अजून राग येतो.

आम्हाला काय माहीत होतं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. मीही मान हलवायची. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. लातूरला तुम्ही चपला घालत होता, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वजन वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं, लगेच घेऊन ये. त्या दुसऱ्या सोमवारी मला ते आठवलं होतं, अप्पा. पण तुम्ही कितीतरी महिन्यांनी इतके खुशीत होता. म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगू.