दारात दिलेलं उत्तर

औरंगाबाद,
२४ ऑक्टोबर १९४८

ती. ताईस,
केशवचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोलीस अ‍ॅक्शननंतर टपाल आता पुन्हा रुळावर येतंय. नाशिकला थंडी सुरू झाली म्हणतेस, इथं दुपारी अजून डोकं तापतं. कालिंदी बरी आहे. दसऱ्याला सोनं वाटायला आम्ही कुठं गेलो नाही. कॉलेज बंदच आहे. उघडलं तर कुठल्या भाषेत शिकवायचं, हे कुणी सांगत नाही. इतकी वर्षं उर्दूत चाललं, आता काय होईल देव जाणे.

दिवाळीला ये म्हणतेस. येता येणार नाही. घरात पाहुण्या आहेत, मुनव्वर साहेबांची बायको, मेहरुन्निसा भाभी.

मुनव्वर साहेब तुला आठवत असतील. मागच्या वर्षी तू आली होतीस तेव्हा ओसरीवर बसून तुझ्याशी तासन्‌तास वाद घालत होते. नीतिशास्त्राचे तास आम्ही दोघं वाटून घ्यायचो. ग्रीकांचा भाग त्यांचा. अ‍ॅरिस्टॉटलला ते अरस्तू म्हणत, सॉक्रेटिसला सुकरात, आणि अशा आदरानं म्हणत, की जणू ते दोघं त्यांच्या मोहल्ल्यातच राहतात. कांट आणि मिल माझ्याकडे. तू कांटची बाजू घेतलीस, मी मिलची, आणि ते हसत म्हणाले, "ताई, तुम्ही दोघं मिळून माणसाला नियमात बसवता नाहीतर हिशेबात. अरस्तू विचारतो, माणूस कसा आहे?"

सगळं लिहायला बसलोय. क्रमानं सांगतो.

श्रावणात रझाकार मला शोधत होते. विद्यार्थ्यांबरोबर पत्रकं वाटली, एवढाच माझा गुन्हा. मी आणि कालिंदी मुनव्वर साहेबांच्या घरात जनान्याच्या खोलीत बसून होतो. ते दारात उभे राहिले, रझाकारांना चहा पाजला, आणि केशवराव नाशिकला गेले असं शांतपणे सांगितलं. रझाकार परत गेले. आत येऊन ते घाम पुसत म्हणाले, "सुकरात होता तो मुझे डांटता. पर बेगम ने आप दोनों की रोटी तवे पर डाली थी, जलने कैसे देता?" आम्ही त्या दिवशी हसलो, ताई. त्या भीतीत हसलो.

पण रझाकार त्यांच्या दारात चहा पिताना गल्लीनं पाहिलं होतं. आम्ही आत होतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर मी दहा जणांना सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि विश्वास ठेवायचे नाहीत.

निजाम शरण आला आणि वारं उलटं फिरलं. खेड्यांतून भयंकर बातम्या येऊ लागल्या. मी मुनव्वर साहेबांना म्हणालो, बुऱ्हाणपूरला भाभींच्या भावाकडे जा. ते म्हणाले, "सुकरात नहीं भागा, मैं तो मामूली मास्टर हूँ. मेरे पीछे कौन आएगा?" शेवटी भाभींच्या आग्रहानं दोघं आमच्याकडे राहायला आले. माजघरामागच्या कोठीत त्यांचं अंथरूण घातलं.

दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, कारभारी आला. गारखेड्याचा शेतकरी, आपल्याकडे जोंधळे घालायचा तोच. त्याचा धाकटा भाऊ सांडू उन्हाळ्यात रझाकारांनी मारला. मी त्याच्या दहाव्याला गेलो होतो. कारभारीबरोबर आणखी माणसं होती, काहींच्या हातात कुऱ्हाडी. तो मात्र मोकळ्या हातानं आला होता, आणि डोळे रडून सुजल्यासारखे.

"मास्तर, त्यो मुनव्वर तुमच्यात हाय का?"

"कशाला हवाय?"

"त्याच्या घरी रझाकार चहा पीत व्हते. माझ्या सांडूचं नाव त्येनंच दिलं असंल."

"कारभारी, त्या दिवशी त्याच्या घरात मी लपलो होतो. त्यानं मला वाचवलं."

"तुमचं मन लई मोठं हाय, मास्तर. दोस्ताला वाचवाया बोलताव." मग तो जवळ आला. "एकच सांगा. हाय का नाय? तुमी खोटं बोलत नाय, समद्या गावाला ठावं हाय. नाय म्हना, आमी जातो."

मी खरं सांगितलं ते त्याला खोटं वाटलं, आणि आता जे सांगेन ते तो खरं मानणार होता.

मी म्हणालो, "नाही."

एवढ्यावर थांबायचं होतं, ताई. पण त्याच्यामागचा एक जण घरात डोकावू लागला. मला वाटलं नुसतं 'नाही' पुरणार नाही, काही भरीव सांगायला हवं. म्हणून बोललो, "सकाळीच गेला. फर्दापूरकडं. तिकडं त्याचा मामा आहे."

कारभारीनं मला हात जोडले आणि ते निघाले.

मी दार लावून आत गेलो. कालिंदी मागच्या दारात उभी होती, हातात त्यांची शेरवानी. ती त्यांना ओढून थांबवायला गेली तेव्हा शेरवानी हातात राहिली आणि ते निघून गेले. भाभी जमिनीवर बसल्या होत्या. पुढच्या दारातला आवाज ऐकून मुनव्वर साहेब उठले होते. कालिंदीला एवढंच म्हणाले, "भाभी, मैं निकल जाऊं तो केशवराव का 'नहीं' सच हो जाएगा. मेरी वजह से वो झूठ क्यों बोलें?"

मी फर्दापूर सांगितलं ते त्यांना आत ऐकू आलं नव्हतं. मागच्या गल्लीतून ते हर्सूलच्या वाटेला लागले. त्यांचा मामा खरंच तिकडं राहतो, आणि मामाकडे जायला दुसरी वाट कुठं आहे? फर्दापूरचाच रस्ता तो.

मी धावलो. दिल्ली दरवाज्यापर्यंत हाका मारत धावलो, अनवाणी. पुढं लष्कराच्या शिपायांनी अडवलं. मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी गाडी पाठवली. हर्सूलच्या अलीकडे ओढ्यापाशी ते सापडले. ओळख पटवायला मला नेलं. मला जास्त लिहिता येणार नाही.

तू वादात सांगायचीस, की कांटनं हाच पेच घातलाय. खुनी दारात येऊन विचारतो, मित्र घरात आहे का. आपण खोटं बोललो, आणि मित्र दरम्यान मागच्या दारानं निघून नेमका त्याच्याच हाती लागला, तर? मी म्हणायचो, असं फक्त जर्मन प्रोफेसरांच्या डोक्यात घडतं. मिलच्या हिशेबानंही मी वजा होऊन बसलोय. आणि खरं बोललो असतो तर माझ्या कोठीत काय झालं असतं, तेही मला दिसतं. कुठूनही मोजलं तरी मला वाट नाही. रोज उठतो, माझं वाक्य पहिल्यापासून ऐकतो, आणि 'नाही'पाशी थांबायचा प्रयत्न करतो. ते थांबत नाही.

भाभींना वाटत होतं, कुणीतरी वाटेत ओळखलं. कालिंदी म्हणाली, सांगू नका, त्यांना आधीच काय कमी आहे? पण त्या माझे आभार मानत होत्या, ताई. नमाजानंतर माझ्यासाठी दुआ मागत होत्या. ते मला सोसेना. आज सकाळी सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, "फर्दापूर ही क्यूँ बोला?"

मी म्हणालो, "खरं वाटावं म्हणून."

त्या उठून कोठीत गेल्या. कालिंदीनं ताट नेलं ते तसंच परत आलं. तिनं पुष्कळ समजावलं. त्यांनी कालिंदीला निरोप दिला, की भावाकडे जायचंय, पण केशवरावांबरोबर नाही. मनमाडपर्यंतसुद्धा नाही. सध्याच्या दिवसांत त्यांना एकटीला गाडीत बसवायला मी धजत नाही, आणि कालिंदीला बरोबर धाडली तर ती एकटी परत कशी येणार?

तू ये. वाद घालायला नको, मला धीर द्यायलाही नको. त्यांना बुऱ्हाणपूरला पोचव. त्या तुझ्याबरोबर येतील, तुझा त्यांना राग नाही. लवकर ये, ताई, त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. स्टेशनवर कालिंदी येईल. मी घरात नसेन, म्हणजे त्या बाहेर येऊन तुझ्यासमोर दोन घास खातील.

तुझा,
आणि आता कुणाचाच नसलेला,
केशव