टायरला लावलेलं तेल

बाबा, आज दुपारी मला एक गोष्ट कळली. कोणाशी तरी बोलायला हवं, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली.

परवा मी जेवणाच्या डब्यांच्या कामासाठी एक जुनी पिकअप घेतली. होस्टेलांचे एवढे डबे आता रिक्षात मावत नाहीत. काल सकाळी डबे पोचवून आम्ही परत येत होतो. तुमची नात चालवत होती, मी शेजारी. पाऊस भुरभुरत होता. राजेंद्र नगरच्या पुलावरून उतरताना तिने ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्याऐवजी मागून फिरायलाच लागली. कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. मी तिच्यावर ओरडले. "मम्मी, मी ब्रेक तर मारला ना, गाडी रुकलीच नाही!" ती रडत म्हणाली. मी म्हटलं, "अगदी आजोबांवर गेलीस. त्यांनाही गाडी कधी जमली नाही." तिने किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि पावसात उतरून चालत घरी गेली.

आज मी गाडी सुदामा नगरच्या टायरवाल्याकडे नेली. त्याने टायरवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. "दीदी, ये तेल किसने मारा? साइड चमकाते हैं, ज़मीन पे लगने वाला हिस्सा थोड़ी! पानी में तो साबुन हो जाता है ये. भोत फिसलेगी." मग तो बाकीचं सांगत राहिला: टायर साबणाने ब्रशने घासा, मागचे दोन झिजलेत ते बदला, गाडी रिकामी असली की हौद्यात मागच्या चाकांच्या वर रेतीची दोन पोती बांधा. मी मान डोलावत होते, पण माझं लक्ष त्याच्या काळ्या बोटावरच होतं. तेल मीच लावलं होतं. परवा, गाडी दारात आल्या आल्या, हौसेने. आणि मला ते एकाच पद्धतीने लावता येतं, अकरा वर्षांची असताना लावलं होतं त्या पद्धतीने.

तुमची पिकअप आठवते? तीही जुनीच, पण आपल्यासाठी नवी. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, गाडी खजरान्याच्या गणपतीला पूजेला न्यायची. मी इंजिनातल्या जळक्या तेलाचं डबडं घेऊन बसलेय, चिंधी बुडवून टायर पुसतेय, बाजूने, खालून, खाचांत बोट घालून. तुम्ही अंधार पडल्यावर घरी आलात, लांबूनच म्हणालात, "वा! गाडी आहे की नवरी?" सकाळी पाऊस होता. तुम्ही हार आणायला एकटेच निघालात आणि याच पुलाच्या उतारावर घसरून कठड्यावर आदळलात. उजवा हात कोपरात कधी सरळ झाला नाही. गाडी विकली, परमलची, चुरमुऱ्यांची पोती पोचवायचं काम सुटलं, दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहिलात. काका चारचौघांत म्हणायचे, "पूर्वज रिसाल्यात घोडे पळवत होते, आणि याला चार चाकं आवरेनात!" तुम्ही हसून म्हणायचात, "पाय चुकला माझा." सोळाव्या वर्षी मैत्रिणींसमोर मीही तुम्हांला हेच चिडवलं. तेव्हाही हसलात.

टायरवाल्याकडून तडक आईकडे गेले. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, मी टायरला तेल लावलं होतं हे बाबांना माहीत होतं? तिने मान वरसुद्धा केली नाही. "सगळं मालूम होतं त्यांना. हॉस्पिटलातून आल्यावर पहिलं ते डबडं फेकायला लावलं मला. म्हणाले, पोरीला कळू द्यायचं नाही, जिंदगीभर मनात धरून बसेल."

"आणि तू मला कधीच बोलली नाहीस?"

"शपथ घातली होती ना त्यांनी. पुढे वाटलं, एवढी मोठी झालीस, आपणहून कळलंच असेल तुला."

मला नव्हतं कळलं, बाबा. मी पन्नाशीला आले आणि मला काहीच कळलं नव्हतं. तुमच्यावर राग येतोय, खरंच येतोय. एवढं मोठं ओझं घेऊन तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात, वाकड्या हाताने, आणि मी मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. एकदा तरी रागवायचं होतंत.

गाडी आता ठीक आहे. टायर धुतले, मागचे बदलले, पोतीही बांधली. हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. आत्ता जेवताना तुमची नात म्हणाली, "मम्मी, तू ड्रायव्हर बघ. माझ्याच्याने नाही होणार. आपल्या घराण्यातच नाहीये ते." तेल मी लावलं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी "बघू" म्हटलं आणि तिला भाजी वाढली.