लाँड्रीची सिस्टिम मी कशी सुधारली

३ जून
आजपासून मी कंपनीचा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट! तात्पुरता. महिनाअखेरीस लाँड्रीवाल्यांची नवी सिस्टिम चालली की कायम. जुनी सिस्टिम आमच्या सिनिअर प्रोग्रॅमर बाईंनी लिहिलेली. एकच प्रोग्रॅम, गिऱ्हाइकं, कपडे, बिलं सगळी त्यातच नांदतात. एवढी वर्षं झाली तरी चालतेय. लाज वाटते. संकल्प : सगळ्यांना वेगळं काढणे.

६ जून
यापुढे निर्णय टीमचे. मतदान घेतलं : सिस्टिमचे तुकडे करावेत का? सगळे नाही म्हणाले. विरोधाची नोंद घेतली आणि तुकडे करायचं ठरवलं. बाईंनी कपाळाला हात लावला. उकाडा फार आहे.

११ जून
रोजची मीटिंग उभ्यानं घ्यायची पद्धत आहे. उभं राहिलं की माणूस थोडक्यात आटपतो म्हणे. मी थोडक्यातच बोलतो, मुद्दे जास्त असतात त्याला काय करणार? आज टेस्टरच्या पायाला गोळे आले. उद्यापासून खुर्च्या. मीटिंगचं नाव मात्र 'उभी'च राहील. शिस्त म्हणजे शिस्त.

१७ जून
तुकडे झकास पडलेत. बटणांचासुद्धा वेगळा प्रोग्रॅम. बाईंनी विचारलं, शर्ट कुणाचा हे आता कोण सांगणार? म्हटलं, शर्टाला मालकाशी बांधून ठेवणं हा बुरसटलेला विचार आहे. त्या उठून चहाला गेल्या. पटलं असावं.

२५ जून
नवी सिस्टिम सुरू! जुनी पुसून टाका, असं बाईंना ठणकावून सांगितलं. 'बरं' म्हणाल्या. याला म्हणतात लीडरशिप. तीस तारखेच्या, साहेबांपुढच्या डेमोसाठी माझा एकुलता एक कोट त्याच लाँड्रीत टाकला. बायको म्हणाली, दुसरीकडे टाक. घरातच विश्वास नाही.

२९ जून
लाँड्रीचे मालक फोनवर तणतणत होते. उद्या दुपारपर्यंत निस्तरा, नाहीतर काम दुसऱ्यांना. लोक उगाच आकांडतांडव करतात. सिस्टिमला सगळे कपडे माहीत आहेत, सगळी गिऱ्हाइकंही माहीत आहेत. कोणता कपडा कुणाचा, एवढंच माहीत नाही. स्वतः दुकानात गेलो. एक आजोबा हातात झबलं धरून शिव्या घालत होते. माझा कोट म्हणून बँडवाल्याचा कोट मिळाला. लाल, सोनेरी बटणांचा. मापाला बरोबर बसतो. म्हणजे सिस्टिम अगदीच चुकत नाही.

३० जून
तोच घालून डेमोला गेलो. साहेब बराच वेळ बघतच राहिले. पहिली स्लाइड लावली आणि मालकांचा फोन आला : सकाळपासून सगळं सुरळीत, आभार. मी उठून वाकलो. बटणं खुळखुळली. तेव्हा बाईंनी सांगितलं की जुनी सिस्टिम त्यांनी पुसलीच नव्हती. काल संध्याकाळी तीच परत लावली.

साहेबांनी तिथल्या तिथे बाईंना आर्किटेक्ट केलं. कायम. मी उद्यापासून त्यांच्या हाताखाली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. येताना लाँड्रीत गेलो, तर जुन्या सिस्टिमनं माझा कोट चुटकीसरशी काढून दिला. बायको म्हणाली, ऑफिसात तुझं कुणी ऐकत नाही हे नशीब समज.

१ जुलै
बाईंची पहिली मीटिंग. तयारीनं गेलो होतो, मुद्दे भरपूर होते.
खुर्ची ओढून बसेपर्यंत संपली.