गोदामाच्या दगडावरचं साल

अण्णा,

काल नातीच्या पुस्तकात रोमन आकडे निघाले आणि मी उगाच तिच्यावर खेकसले. आजीला एकदम काय झालं, ते बिचारीला कळेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या आकड्यांचं नाव निघालं की माझं पित्त खवळतं. आकड्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. राग आहे तो तेव्हाच्या एका पोरीवर, आणि तुमच्यावर.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही ते आम्हाला शिकवलेत, आपल्या ओसरीवर, कडब्याच्या काड्या मांडून. उभी काडी म्हणजे एक, फुली म्हणजे दहा. बारका आकडा मोठ्याच्या डाव्या अंगाला बसला की मोठ्यातून काढायचा, उजव्या अंगाला बसला की मिळवायचा. आई चुलीपुढून ओरडायची, "गुराला चघळायला काडी न्हाई, अन् तुमी तिचे आकडे करा!" आम्ही म्हणजे मी आणि ती. ती माझ्याच वर्गातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दिवसभर आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी वेचायची, तिथं खायला मिळालेली सुकडी फडक्यात बांधून संध्याकाळी आपल्याकडे यायची. धडा संपला की सगळ्या काड्या गोळा करून आपल्या गाईपुढे टाकायची. "बघ, शिक तिच्याकडून काही," तुम्ही मला म्हणायचात. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. गाय आमची, ओसरी आमची, बाप माझा, आणि शिकायचं मी तिच्याकडून?

दिवाळीनंतर टोळी साखर कारखान्याकडे निघाली की तिची शाळा सहा महिने बुडायची. त्या वर्षी तुम्ही आईला म्हणालात, "पोरीला औंदा आपल्यातच ठिवून घिऊ. माझ्या हातनं एक तरी पोरगी शिकून मोठी व्हावी." एक तरी पोरगी! मी तिथंच भाकरी खात बसले होते, अण्णा.

त्याच सुमाराला सोसायटीचं गोदाम उभं राहिलं. चेअरमननी कुठल्याशा कारखान्याच्या दारावर रोमन आकड्यांत कोरलेलं साल पाहिलं होतं. "मास्तर, आपल्या दगडावर बी तसंच पायजे. लई भारी दिसतं." तुम्ही आम्हा दोघींपुढे पाट्या ठेवल्यात आणि १९७२ लिहायला सांगितलंत. नऊशेसाठी मी पाचशेचा D आणि त्यापुढे शंभराचे चार C अशी रांगच लावली. तिनं हजाराच्या M च्या डाव्या अंगाला एकच C बसवला आणि मोकळी झाली. MCMLXXII. तुम्ही माझ्या पाटीकडे बघून नुसतं "हं" केलंत. दगडावर लिहायचा खडू तिला दिलात.

दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं आणि ती कामावर गेली. तुम्ही पाटोद्याला गेला होतात. पाथरवटाला अक्षरओळख नव्हती, खडूची रेघ असेल तिथं छिन्नी चालवायची एवढंच त्याला ठाऊक. तो भाकरी खायला लिंबाखाली बसला, तेव्हा मी परकराचं टोक थुंकीनं ओलं केलं, दोन अक्षरं पुसली आणि अदलाबदल करून लिहिली. MMCLXXII. वजा व्हायचे शंभर अधिक झाले, म्हणजे साल बरोबर दोनशे वर्षं पुढे गेलं. मला वाटलं होतं, तुम्ही तिला निष्काळजी ठरवाल आणि घरात ठेवून घ्यायचा बेत मोडाल.

उद्घाटनाला फडकं बाजूला झालं. तालुक्याच्या साहेबांनी बोटानं एकेक अक्षर वाचलं आणि ते हसले. "चेअरमन, तुमचं गोदाम बांधायला अजून दोनशे वर्षं हायेत की!" सगळा मांडव हसला. चेअरमनचं तोंड एवढंसं झालं. ती गर्दीतून पुढे यायला निघाली, तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात. "चूक माझी हाय. मीच तसं सांगितलं." गणितात कुणाला बोट ठेवू न देणारा माझा बाप तिच्यासाठी गावासमोर हसं करून घेत होता. माझ्यासाठी यांनी असं कधी केलंय का, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. लाज वाटली ती नंतर.

संध्याकाळी ती दारात आली. "गुर्जी, आईची आन, म्या तसं न्हवतं लिव्हलं."

"ठावं हाय मला," तुम्ही म्हणालात.

ती गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. मी मार खायच्या तयारीनं आले होते. तुम्ही हातसुद्धा उचलला नाहीत. "ठिवून घेतलं असतं तिला," म्हणालात, "पर तू तिला ह्या घरात सुखानं जगू देनार न्हाईस. लोकाची लेक आणून तिचे हाल कावून करू?"

म्हणजे मी जिंकले. दिवाळी झाली आणि ती टोळीच्या ट्रकवर चढली. पुन्हा शाळेत आली नाही. दोन-तीन वर्षांत तिचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिनं कोयता धरला. मी शिकले, शिक्षिका झाले. तुमच्या हातून शिकून मोठी झालेली ती एक पोरगी अखेर मीच. पण त्या दिवसानंतर तुम्ही मला ओसरीवर कधी शिकवायला बसवलं नाहीत. अडलं तर विचार, एवढंच म्हणायचात, आणि मी कधी विचारलं नाही.

माफी मागायला बसले होते मी. तिचं आयुष्य मी नासवलं, हे मला कळतं, आणि कळून वाईटही वाटतं. पण त्याच्याआधी दरवेळी दुसरंच आठवतं. ट्रक निघाला तेव्हा तुम्ही वेशीपर्यंत त्याच्यामागे चालत गेलात आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत परत आलात. माझ्या पाठवणीच्या वेळी मी तीनदा मागे वळून पाहिलं, तर तुम्ही पंगतीत कुणाला बुंदी कमी पडली ते बघत होतात.

हे पत्र कुणाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. उभा जन्म तिनं ऊस तोडला, अण्णा, तरी हेवा अजून मलाच तिचा वाटतो.