वार्तापत्रात वारलेला बाप

शिष्यवृत्ती समितीच्या अध्यक्षबाईंना,

तुमचं परदेशातलं चर्च माझ्या मुलीला नर्सिंगसाठी शिष्यवृत्ती देतं, हे उपकार मी विसरलेलो नाही. पण तुमच्या वार्तापत्रात तिच्या फोटोखाली 'वडील वारले' असं छापलंय. बाई, मी धडधाकट आहे. रोज गॅरेजात गाड्यांखाली शिरून काम करतो.

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "बाबा, चर्चच्या इथल्या ऑफिसातल्या सरांनी लिहिलं. बाप नसला की तिकडे जास्त कळवळा येतो म्हणे. आता खरं सांगितलं तर शिष्यवृत्ती जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिवंत असताना माझ्या पोरीला पोरकं करणारे हे कोण?

तिच्यापायी हे पत्र पेटीत टाकत नाही. पण पदवीदानाला तुम्ही येता म्हणे. मी पहिल्या रांगेत बसेन, आणि तुम्ही विचारलंत तर नातं सांगेन.

तिचा बाप