परत आलेली पिशवी

पिंपळवंडी, सोमवार

ती. ठकूताईस,

धाकट्या सावळेरामचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दाजींची शुगर खाली आली का? इकडं सगळी बरी आहेत, फक्त मी बरा नाही आणि त्याला कारण तू आहेस. (मोठी आहेस म्हणून वाकलो. राग गेला असं समजू नकोस.)

बारा वर्षं दर गुरुवारी दुधाच्या टेम्पोत तुझी भाजीची पिशवी ठेवतोय. ती कधी रिकामी आली, कधी चकल्या घेऊन आली, पण भरलेली परत आली ती परवाच्या गुरुवारी. वर तुझी चिठ्ठी, की सोसायटीत व्याख्यान झालं, शेतकरी विष पिकवतात, तवा आता टोमॅटो नकोत. सख्ख्या भावाचे नकोत. मला लई लागलं ते.

मग मीही इरेला पेटलो. दाजींकडून सोसायटीच्या सेक्रेटरीचा नंबर घेतला आणि तुमची सोसायटीच काल रविवारी शेतावर बोलावली. मिनीबस भरून बावीस माणसं आली. (तू तेवढी गुडघ्यांचं निमित्त करून राहिलीस.) मी ठिबक दाखवलं, फवारणीची वही दाखवली, औषध मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते समजावलं. एक साहेब म्हणाले, पूर्वी कुठं औषधं होती. म्हटलं, साहेब, पूर्वी किडकं तेवढं कापून बाकीचं शिजवत होतात. आता एक डाग दिसला तर अख्खा क्रेट माघारी येतो, मग आम्ही करायचं काय? मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, तुम्ही घरी हेच खाता का? माझं डोकं सणकलं. हाताशी आला तो टोमॅटो तोडला, सदऱ्याला पुसला आणि तोंडाकडं नेला. बावीस मोबाईल वर झाले. आणि बांधावरून चहाची किटली घेऊन येणारी तुझी भावजय बायडा किंचाळली, "अवो, त्यो नका खाऊ, परवाच फवारलंय! आपला वाफा हिरीकडं हाय न्हवं!"

हात तिथंच राहिला. खावा तर बायडा रडणार, टाकावा तर शूटिंग चालू. शेवटी खिशात घातला. बायडा खोटं बोलली नाही, त्या टोमॅटोचे दिवस भरले नव्हते, चार दिवसांनी तोच मी खुशाल खाल्ला असता. पण ऐकतो कोण? चहा कुणी घेतला नाही. विहिरीकडचा वाफा म्हणजे घरच्या खाण्यापुरत्या, न फवारलेल्या चार सऱ्या, त्यातलं निम्मं अळी खाते. त्यावर पुणं जगवायचं का? हे सगळं मला मिनीबस गेल्यावर सुचलं. त्या बाईंपुढं मान खाली गेली होती, ताई. बायडाला हे बोललो नाही, तुला लिहितोय.

दाजींना नमस्कार, भाची संस्कृतीला आशीर्वाद.

तुझा,
सावळेराम

ता. क. ते शूटिंग सोसायटीच्या ग्रुपवर आलं असेल. बघू नकोस. बघितलंस तर बायडाला फोन कर, ती कालपासून जेवलेली नाही.

आणखी एक. तुझी पिशवी बारा वर्षं विहिरीकडच्या वाफ्यातूनच भरतोय. आधी तुझी भरायची, उरलं ते आम्ही खायचं. चांगले दिसावेत म्हणून बायडा अळीच्या भोकाचे टोमॅटो काढून ठेवायची. या चिठ्ठीबरोबर पिशवी पुन्हा भरून पाठवतोय, या खेपेला मी ते काढू दिले नाहीत. भोकं बघ आणि पिशवी ठेवून घे.