सासऱ्याच्या नावाचा शब्द

मी, साओरो येम्बी, यालू नदीच्या वरच्या अंगाला राहणारा, वय मिशनच्या वहीप्रमाणे एकाहत्तर, डोके ठिकाणावर आणि फुप्फुसे कामातून गेलेली असताना, कोणीही न सांगता हे लिहून ठेवतो. दम लागतो, म्हणून लवकर आटोपतो.

होडी आणि खोडातून पीठ देणारी सागोची झाडे पुतण्या काइवाला. त्याची मुले खालच्या गावासारखी बोलतात. खालचे जिथे 'क' म्हणतात तिथे आम्ही नुसता गळा अडवतो, म्हणून ते आम्हाला उचकीवाले म्हणतात. हसोत बापडे. आता उचकीवाले दोघेच उरलो, मी आणि धाकटी बहीण तेरिया.

कुऱ्हाड पास्टरांना देऊ नये. मागे नेली ती दांड्याशिवाय परत आली.

आता मुख्य गोष्ट. परदेशी साहेब आमची बोली लिहून घ्यायला आले, तेव्हा तीन वर्षे मी त्यांना शब्द सांगितले. विस्तवाचा आमचा शब्द म्हणजेच माझ्या सासऱ्यांचे नाव. जावयाने ते तोंडातून काढायचे नसते, सासरा मेल्यावरही नाही. मी खालच्यांचा शब्द सांगून गप्प बसलो. पुस्तकात तोच छापला गेला. शाळेतली मुले तो वाचताना ऐकून तेरिया तडक घरी आली.

"दादा, हे काय सांगून बसलास?"

"सासऱ्यांचं नाव कसं घेऊ गं?"

"मग मला बोलवायचंस! मला कुठे बंदी होती?"

"हे बायकांचं काम नाही," मी म्हणालो.

ती गेली ती गेलीच. अकरा वर्षे झाली. साहेबांच्या शेजारी मला एकट्यालाच बसायचे होते, हे खरे कारण. चूक माझी आहे.

घर तेरियाला. अट एकच: मला पुरल्यावर तिने माझी चूल पेटवून मुलांसमोर तो शब्द मोठ्याने म्हणावा, नीट गळा अडवून. मास्तरांनी पुस्तकातला खोडून तो लिहावा. अंगात त्राण असते तर मीच जाऊन तिची माफी मागितली असती.

सही: साओरो येम्बी
साक्षीदार: बेनो मारावा, शाळामास्तर, हेलाई सोगा, शेजारी

मास्तरांची नोंद: सहीनंतर हे मी तेरियाबाईंना वाचून दाखवले. "मेल्यावर कशाला?" म्हणत त्या माझ्याबरोबरच होडीत बसल्या. त्यांनी चूल पेटवली आणि शब्द म्हटला. साओरोंनी डोळे मिटून "पुन्हा म्हण" अशी खूण केली. तेरियाबाईंनी तो सात वेळा म्हटला. मी लिहून घेतला आहे.

वरचे गाव, यालू नदी. १४ ऑगस्ट २००९.